रोगी वावरातली परीक्षा

चिखली-मेहकर भागात सोयाबीनच्या मधल्या तासांत उभी असलेली तूर फुलोऱ्यावर आली की शेतकऱ्याची नजर शेंड्याकडे असते. दगा मात्र बुडातून होतो. हिरवंगार झाड मान टाकतं, खोडावर खालून वर जांभळा पट्टा चढतो, खोड चिरलं तर आत काळ्या रेघा. ही मर. तिची बुरशी जमिनीत, जुन्या धसकटांत तीनेक वर्षं तग धरते. झाड सुकलेलं दिसेपर्यंत मुळांतून शिरलेल्या बुरशीने पाण्याची वाट अडवलेली असते, मग फवारणी काय करणार?

म्हणून खरा उपाय बियाण्यात शोधावा लागतो. त्यासाठी संशोधन केंद्रांवर एक वावर मुद्दाम रोगी करतात. मरीने वाळलेली तूर बारीक करून त्याच मातीत मिसळायची, वर्षानुवर्षं रोगाला बळी पडणारंच वाण पेरायचं. मग नव्या वाणांच्या दर काही ओळींनंतर त्या कमजोर वाणाची एक ओळ ठेवतात. ती ओळ मेली नाही, तर बाकीच्यांच्या जगण्याला अर्थ नाही, परीक्षा रद्द. ती मेली आणि शेजारच्या नव्या वाणाची शंभरात दहाहून जास्त झाडं गेली नाहीत, तरच ते वाण प्रतिकारक ठरतं. इतका कडक न्याय मला फार मोलाचा वाटतो.

पण मर सोसणारी तूर वांझ रोगात जाऊ शकते. हा रोग विषाणूचा. तो मातीतून येत नाही, डोळ्यांना न दिसणारा कोळी वाऱ्यावर तो आणतो. झाड झुडपासारखं हिरवं राहतं, पण फूलच धरत नाही. १९३१ साली बिहारातल्या पुसा इथे याची नोंद झाली, विषाणूची ओळख पटायला २००० साल उजाडलं. ‘मारुती’ हे वाण मर रोगाला दाद देत नाही, पण वांझ रोगापुढे हरतं.

या रोगाची परीक्षा रोपावस्थेतच होते. दहा-बारा दिवसांच्या रोपाच्या पहिल्या पानावर रोगी पान दुमडून ठेवायचं आणि कचेरीतल्या साध्या स्टेपलरने टाचायचं. रोगी पान सुकू लागलं की कोळी रोपावर उतरतात. काही आठवड्यांत पानावर फिकट-गडद ठिपके उमटले की निकाल लागला.

देऊळगाव राजाची शीव ओलांडली की जालना जिल्हा. तिथल्या बदनापूरच्या केंद्राची बीएसएमआर ७३६ ही लाल आणि बीएसएमआर ८५३ ही पांढरी तूर दोन्ही रोगांना प्रतिकारक म्हणून निवडलेली आहे.

जूनमध्ये पिशवी घेताना नुसतं ‘रोगप्रतिकारक’ ऐकून थांबू नका. मर की वांझ, की दोन्ही, हे विचारा. आणि बांधावर राहिलेली गेल्या वर्षीची तूर पेरणीआधी उपटून टाका. कोळी तिच्यावरच उन्हाळा काढतो.