चार दिवसांचे पंख

दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट नदीला खडूच्या खडकांतील झरे पाणी पुरवतात; म्हणून ती नितळ व थंड असते. मे महिन्याच्या अखेरीस तिच्या काठी गेलात, तर एक नवल दिसेल. तळाच्या रेतीत सुमारे २ वर्षे वाढलेली मेफ्लाय कीटकाची पिल्ले वर येतात, कात टाकतात आणि उडतात! प्रौढांना खाता येत नाही. पाण्यात अंडी घालून ते थोड्याच दिवसांत मरतात. ट्राउट मासे त्यांच्यावर तुटून पडतात. म्हणून मासे धरणारे गळाला पिसांचा खोटा कीटक बांधतात.

मात्र शेतांतून वाहून येणारी बारीक माती व फॉस्फेट मेफ्लायच्या काही जातींच्या अंड्यांना मारक ठरतात. थवे विरळ झाले, की ओळखावे, नदी आजारी आहे.

मित्रांनो, सह्याद्रीच्या ओढ्यांतही यांचे भाऊबंद राहतात. दगड हळूच उलटून पाहा, आणि पुन्हा तसाच ठेवा!