करवंटीच्या धुरातला बांगडा

पेडणे-डिचोलीत निखाऱ्यावर वांगं किंवा सुका बांगडा भाजणं नवं नाही. धुरी देणं मात्र वेगळं: आच मंद, धूर भरपूर.

कोळशावर पांढरी राख आली की तो शेगडीत एका बाजूला सारा, वर सुक्या करवंटीचे दोन तुकडे टाका. मिठाच्या पाण्यातून काढून कोरडा पुसलेला बांगडा दुसऱ्या बाजूला ठेवा (ओल्या मासळीवर धूर नीट बसत नाही), शेजारी वांगी, कांदे, हरमलची मिरची. झाकण लावा, भोक अर्धं उघडं. काट्याजवळचं मांस ६३ अंश सेल्सिअस झालं की बांगडा तयार.

काजूबियांची टरफलं चुकूनही जाळू नका, त्यांतलं तेल दाहक असतं. आणि शेगडी उघड्यावरच मांडा. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.