वार्धक्यातील त्वचा आणि तिची निगा

केस पांढरे होणे आणि अंगावर सुरकुत्या पडणे या वार्धक्याच्या खुणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. सुरकुत्या घालविण्याचा दावा करणारी प्रसाधनेही बाजारात विपुल मिळतात. वस्तुतः सुरकुतीने कोणालाही इजा होत नाही. वृद्ध माणसाला खरा त्रास होतो तो कोरडेपणाचा, खाजेचा आणि अंथरुणाला खिळल्यास शय्याव्रणांचा. आणि नेमक्या याच गोष्टींकडे घरातील मंडळी ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून दुर्लक्ष करतात.

हा त्रास का होतो हे समजण्यासाठी त्वचेची रचना थोडी पाहिली पाहिजे. तिचे मुख्य थर दोन : बाह्यत्वचा व अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या वर सरकत सरकत मृत होतात आणि अखेर कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. मृत पेशींचा सर्वांत वरचा थर हा जणू विटांची भिंत असून पेशींच्या मधील स्निग्ध पदार्थ हा त्या भिंतीचा चुना होय. शरीरातील पाणी आत राखण्याचे काम ही भिंत करते. तरुणपणी पेशींचा हा प्रवास सुमारे चार आठवड्यांत पूर्ण होतो. उतारवयात त्याला बराच अधिक काळ लागतो. चुनाही कमी पडू लागतो आणि स्नेहग्रंथी व स्वेदग्रंथी यांचा पाझर मंदावतो. अंतस्त्वचेतील कोलॅजेन नावाचे बळकट तंतू विरळ होतात. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज विशेष वेगाने होते. बारीक रक्तवाहिन्यांचा आधार सुटल्यामुळे दाराच्या कडीला हात घासला तरी जांभळा डाग उमटतो.

मात्र चेहऱ्यावर व हातांवर जे वार्धक्य दिसते, त्यात वयापेक्षा उन्हाचा वाटा मोठा असतो. एखाद्या वृद्धाच्या मनगटावरची त्वचा आणि सदैव वस्त्राखाली असलेली दंडाच्या आतील त्वचा यांची तुलना केल्यास हे सहज पटते. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकात ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस वर्षे त्याने मोटार हाकली होती. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला खोल वळ्या पडल्या होत्या, उजवी बाजू त्या मानाने तरुण होती. अमेरिकेत चालकाची जागा डावीकडे असते आणि लांब तरंगांचे जंबुपार किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. भारतात हीच गोष्ट उजव्या गालाच्या बाबतीत घडावयाची. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या किरणांपासून पुष्कळसे संरक्षण देते खरे, पण संपूर्ण नाही. छत्री, पागोटे आणि डोक्यावरचा पदर यांची उपयुक्तता आजही कमी झालेली नाही.

उन्हाप्रमाणे दीर्घकाळची धगही त्वचा बिघडवते. काश्मीरमध्ये हिवाळ्यात फेरनच्या आत कांगडी, म्हणजे वेताची वीण घातलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, पोटाजवळ धरण्याची प्रथा आहे. वर्षानुवर्षांच्या या शेकाने मांड्यांवर व ओटीपोटावर तपकिरी जाळीदार डाग पडतात, आणि काहींच्या बाबतीत पुढे त्याच जागी कर्करोग उद्भवतो. डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच या रोगाकडे लक्ष वेधले होते. कांगडी नसलेल्या घरांतूनही शेगडी व गरम पाण्याची पिशवी असतेच. वृद्धांची स्पर्शसंवेदना मंदावलेली असल्याने चटका बसलेला त्यांना उशिरा कळतो.

आता निगेकडे वळू. दिल्ली-राजस्थानकडील कोरड्या थंडीत पायांच्या नळ्यांवर खवले धरतात, भेगा पडतात आणि रात्री खाज सुटते. अशा वेळी कढत पाणी, भरपूर साबण आणि घासणी यांनी अंग खसखसून धुण्याची जी ओढ लागते, तीच घातक ठरते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामान्य साबण अल्कधर्मी. तो मळाबरोबर चुनाही धुऊन नेतो. पाणी कोमट असावे, स्नान थोडक्यात उरकावे, साबण काखा, जांघा व पाय यांपुरताच वापरावा. अंग टिपून घ्यावे आणि ते दमट असतानाच तेल किंवा मलम लावावे, म्हणजे पाणी आत कोंडले जाते. याकरिता महाग प्रसाधनांची गरज नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत खोबरेल तेल कोरड्या त्वचेवर खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. साधे व्हॅसलीनही उत्तम. उत्तर भारतात व बंगालमध्ये प्रिय असलेल्या मोहरीच्या तेलाबद्दल मात्र सावध राहावे. उंदरांवरील प्रयोगांत त्याने इजा झालेल्या त्वचेची भरपाई लांबवली असे आढळले आहे.

तेल लावूनही खाज न थांबल्यास तिचे कारण शोधलेच पाहिजे. खरूज असेल तर घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. मूत्रपिंड, यकृत किंवा अवटुग्रंथी यांचे विकारही प्रथम खाजेच्या रूपाने प्रकट होऊ शकतात. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम परस्पर आणून चोळणे हा आपल्याकडील सार्वत्रिक प्रमाद होय. खाज चार दिवस शमते, आधीच पातळ झालेली त्वचा अधिक पातळ होते आणि गजकर्ण असल्यास ते फोफावते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

अंथरुणावर पडून असलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, कमरेवर व टाचांवर शरीराचा भार येऊन रक्तप्रवाह तुटतो आणि शय्याव्रण होते. गोऱ्या त्वचेवर आरंभीची लाली दिसते, सावळ्या त्वचेवर ती दिसत नाही. म्हणून हात फिरवून ती जागा भोवतालपेक्षा उष्ण किंवा कठीण लागते का, हे रोज पाहावे. स्पिरिट चोळून पावडर लावण्याची जुनी रीत सोडून द्यावी. स्पिरिटने त्वचा सुकते आणि चोळण्याने दुखावलेली जागा आणखी दुखावते. कुशी साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. सरकवताना रुग्णाला ओढू नये, चादरीसकट दोघांनी उचलावे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात.