पतंगबाजाची शिकवणी

आमच्या दांडिया बाजारातील घरात मासळी शिजत नाही. म्हणून मायामीच्या पुतण्याचे, "काका, एप्रिलमध्ये इकडे येताच आहात, तर दोन दिवस समुद्रात मासे धरायला जाऊ," असे बोलावणे आले, तेव्हा आमच्या वहिनींनी एकच प्रश्न केला, "खायचे नाहीत, तर धरायचे कशाला?" तिकडेही ते कोणी खात नाही, धरून परत सोडतात, हे सांगितल्यावर तर त्यांनी हातच जोडले. आणि ते खरेच आहे. फ्लॉरिडात २०१३ पासून बोनफिश धरला की सोडलाच पाहिजे, असा नियम आहे.

घाटावर गळ टाकून डुलक्या घेत बसणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. हा प्रकार त्यातला नव्हे. यात कणकेची गोळी नाही की गांडूळ नाही. बारीकशा गळावर केस आणि पिसे गुंडाळून कोळंबीचा आभास निर्माण केलेला असतो, आणि त्याला म्हणायचे 'माशी'. ती इतकी हलकी की फेकू म्हटले तरी जाणार नाही. म्हणून येथे दोरीच जाड आणि वजनदार करतात. हवेत फेकायची ती दोरी. माशी बिचारी तिच्या शेपटीला धरून मागोमाग जाते. गोड्या पाण्यात ही विद्या जुनी आहे. समुद्राच्या उथळ पाण्यातही ती जाणूनबुजून चालवता येते, हे जो ब्रूक्स यांनी १९४७ साली फ्लॉरिडातील इस्लामोराडा येथे बोनफिश धरून दाखवून दिले, आणि १९५० साली त्यावर पुस्तकही लिहिले.

नवशिक्या माणसाची पहिली धाव दुकानाकडे असते. मीही चार पानी यादी केली होती. पुतण्याने ती जवळजवळ सगळी खोडली. नऊ फुटांची काठी, आठ नंबरची दोरी, खाऱ्या पाण्याला टिकणारे आणि मागे दोनशे यार्ड जादा दोर मावेल असे रीळ, हे सारे तो देणार होता. परवान्याचीही चिंता नव्हती. परवानाधारक वाटाड्याच्या नावेत बसणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. माझ्याकडे उरले ते लांब बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि पाण्यावरची चकाकी कापणारा तांबूस काचांचा पोलराइज्ड चष्मा. चष्म्यात काटकसर करू नका, असे त्याने दोनदा बजावले. तो पाण्यात पाहण्यासाठी तर लागतोच, शिवाय वाऱ्याने भलतीकडे वळलेल्या गळापासून डोळाही वाचवतो. "बाकी हात मात्र तुमचा तुम्हालाच आणावा लागेल," असे त्याने कळवले, आणि एका परिचिताबरोबर सरावासाठी एक जुनी काठी धाडून दिली.

संक्रांतीनंतर मी पोलो मैदानावर जाऊ लागलो. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीचे सूत, आणि चाळीस फुटांवर घरातली एक जुनी थाळी. फिरायला येणारी मंडळी थांबून पाहत. एका गृहस्थांनी तर, "पाणी कुठे आहे?" असेही विचारले. लांब फेकणे ही मोठी गोष्ट नाही, हे मला उशिरा कळले. मासा दिसल्यापासून चार-सहा सेकंदांत सूत थाळीपाशी पडले पाहिजे, आणि तेही समोरच्या वाऱ्यात. नावेची नाळ म्हणजे घड्याळातले बारा. वाटाड्या ओरडणार, "दहा वाजता, चाळीस फूट!" आणि आपण तिकडे वळायचे. ही आरोळी देण्याचे काम मी शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलावर सोपवले. उत्तरायणात आमच्या गल्लीतले निम्मे पतंग तोच कापतो.

मला जे महिन्यात साधले नाही ते त्याने तीन दिवसांत साधले. काठी पुढे जात असता डाव्या हाताने दोरीला झटका द्यायचा, म्हणजे ती वारा कापते, हे त्याला सांगावेही लागले नाही. आणि खरी मेख तर पुढेच आहे. माशाने तोंड लावले की नवशिक्याचा हात आपोआप वर जातो. गोड्या पाण्यातल्या ट्राउटला ते चालते, बोनफिशला चालत नाही. काठी त्याच्याकडेच रोखून धरायची आणि डाव्या हाताने दोरी सरळ मागे ओढायची. गळ रुतला नाही तरी माशी फूटभरच सरकते, आणि मासा पुन्हा येण्याची आशा राहते. मात्र रुतला की लगेच बोटे सैल सोडायची. त्याची पहिली धाव शंभर यार्डांचीही असू शकते. तेथे मूठ आवळणाऱ्याची दोरी तुटलीच म्हणून समजा. मुलाने हे सगळे ऐकले आणि म्हणाला, "काका, पहेलां खेंच, पछी ढील." एवढेच!

एका गोष्टीची तयारी मात्र बडोद्यात होण्यासारखी नव्हती. बोनफिशचे खवले आरशासारखे असतात. त्यांत तळाची वाळू आणि गवतच दिसते, मासा दिसत नाही. इस्लामोराड्याला पहिला सबंध दिवस वाटाड्या बोट दाखवत राहिला आणि मी मान हलवत राहिलो. मासा पाहू नका, तळावर सरकणारी सावली पाहा, असे तो सांगे. बुटाच्या नाड्यांत दोरी अडकते म्हणून मी अनवाणी उभा होतो. तापलेल्या फळीने तळवे भाजले ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावली दिसली. सूत पडायचे तिथे माशी पडली, सावली वळली, दोरी ताठ झाली, आणि माझा उजवा हात सरळ आभाळाकडे गेला! पुतण्या काही बोलला नाही. दुपारी एक लहानसा लागला. तेव्हा खेच दिली, बोटे सोडली, आणि दोरी रिळावरून अशी सुटली की मी नुसता पाहत राहिलो. ओल्या हाताने, पाण्यातच ठेवून, त्याच्या ओठातला गळ काढला. मुठीतून निसटला तो क्षणात पुन्हा वाळूच्या रंगाचा झाला.

बडोद्याला परतलो तेव्हा तो मुलगा जिन्यातच बसला होता. मासा केवढा होता, हे त्याने विचारले नाही. "काका, हाथ ऊंचो तो नथी कर्यो ने?" एवढेच विचारले. एकदा झाले खरे, असे मी कबूल केले. त्याने कोपऱ्यातली जुनी काठी उचलली. तिच्या टोकाला लाल सूत अजून तसेच होते. थाळी मी घेतली, आणि सामान न सोडताच आम्ही मैदानाकडे निघालो.