काटेवाडीच्या मेंढ्या आणि जर्मन कॅमेरा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघाली की वाटेत काटेवाडी लागते. तिथे परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि धनगर आपल्या मेंढ्या रथाभोवती पळवतात. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला घोड्यांची रिंगणे होतात. त्यांचे फोटो पहिल्या पानावर झळकतात, हल्ली तर ड्रोनमधून काढलेले. मेंढ्यांना बहुधा आतले पान मिळते.

वारकरी आणि धनगर एका चौकटीत येतात ती जागा म्हणजे काटेवाडी. या दोन्ही विषयांचा पिच्छा आयुष्यभर पुरवणारा अभ्यासक मात्र जर्मन होता, गुंथर सोन्थायमर (1934–1992). मूळचे ते हिंदू कायद्याचे अभ्यासक. पुण्यात राहिले, मराठी शिकले आणि कायद्याच्या पोथ्यांतून उठून धनगरांच्या वाड्यावर जाऊन बसले. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवत, पण पाय इकडेच वळत. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 मध्ये आला, ॲन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1989 मध्ये. पेशाने ते छायाचित्रकार नव्हते, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित करायला बसलेल्या माणसाला चांगला उजेड गाठण्याची घाई नसते.

हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत त्यांनी ‘वारी’ हा चित्रपट केला. श्टेगम्युलर खरे कॅमेऱ्याचे माणूस. मुंबईवरचे त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक 1996 मध्ये जर्मनीत निघाले, ते नामदेव ढसाळ आणि दिलीप चित्रे यांच्या साथीने. परक्या शहराचे फोटो काढताना त्या शहराचे कवी सोबत घेण्याची ही बुद्धी फार थोड्यांना होते.

मुंबईचेच दुसरे उदाहरण. अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी 1978 मध्ये फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत तळ ठोकला. त्याआधी अनेक वर्षे तिथल्या बायकांनी त्यांना कचरा आणि पाणी फेकून हाकलले होते. त्यातून झालेल्या 1981 च्या पुस्तकातली रंगीत छायाचित्रे आजही अंगावर येतात, पण त्यातल्या बायका काय बोलत असतील ते मला ऐकू येत नाही. माझे माप कडक आहे, कबूल. पण आपल्या माणसालाही तेच लावावे. छायाचित्रकार संदेश भंडारे मराठीच. तरी तमाशा आणि वारी टिपताना भाषा येते म्हणून वेळ वाचला, असे त्यांचे झाले नाही.

आता पुन्हा बारामती-इंदापूरकडे. नीरेच्या कालव्याने इथे ऊस आणला आणि 1980 च्या सुमारास उजनी धरणाचे पाणी भरले. पळसदेवचे जुने देऊळ बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. भिगवणला फ्लेमिंगो आले आणि त्यांच्यामागून भल्यामोठ्या लेन्सही. उजाडायच्या आत नावा भरतात. तिथून फार दूर नसलेल्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा आणि लांडग्यासाठी गाड्या येतात. त्याच माळरानांवर मेंढ्या चारणाऱ्या मेंढपाळाकडे कोणी लेन्स वळवली तर ती सूर्यास्ताच्या काळ्या आकृतीपुरती. चेहरा नाही, नाव तर नाहीच.

बारामती, इंदापूर, भिगवणच्या जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना म्हणूनच एक विनंती. लग्नांच्या निगेटिव्हबरोबर माळ्यावर पालखीचे, जत्रेचे, मेंढरांच्या बाजाराचे रोल पडले असतील तर ते भंगारात घालू नका. पाकिटावर गाव, साल आणि फोटोतल्या माणसांची नावे लिहा. ओळखणारे म्हातारे अजून आहेत तोवरच हे काम होईल.