आवर्तन पुरे होण्याआधी

विलंबित एकतालाचे आवर्तन बारा मात्रांचे. लय अतिविलंबित असेल तर एकेक मात्रा चार-पाच सेकंद घेते आणि समेवरून निघून पुन्हा समेवर यायला जवळपास मिनिट लागते. या मापाशेजारी आजचे दुसरे एक माप ठेवून पाहावे. स्पॉटिफायवर एखादे ध्वनिमुद्रण ३० सेकंद वाजले की ते ऐकले गेल्याची नोंद होते आणि मोबदल्याचा हिशोब अशा नोंदींवर चालतो. तेवढ्या वेळात बड्या ख्यालाचे आवर्तन सातव्या मात्रेवरच्या खालीपर्यंत कसेबसे पोचते. सम अजून दूरच असते, आणि हिशोबापुरते गाणे ऐकून झालेले असते. डिजिटल तंत्राने आपल्या ऐकण्याचे काय केले, ते या दोन मापांमधल्या अंतरात दिसते. संगीताची वेळमर्यादा पूर्वी तबकडीत होती. आता ती ऐकणाऱ्याच्या अवधानात आली आहे.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफलीत तास-तासभर रंगणारा राग कलावंतांना त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. पुढे लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि सलग ७४ मिनिटांची सोय झाली. संगणकावरच्या फाइलने तर ही भिंतच पाडली. आलापापासून द्रुतापर्यंत अख्खा राग मध्ये कुठेही बाजू न उलटता ऐकता येऊ लागला. ख्याल आणि धृपदासारख्या सावकाश उलगडणाऱ्या संगीतासाठी ही मोठीच देणगी होती.

हे शक्य झाले ते ध्वनी आकड्यांत मांडता आल्यामुळे. सीडीसाठी आवाजाचे माप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते. त्यातून तयार होणारी माहिती प्रचंड असते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एमपी-३ पद्धतीने ती सुमारे अकरा पटींनी कमी करता आली. ट्रक जवळून जात असताना शेजारची कुजबुज कानावर येत नाही, तसे मोठ्या ध्वनीखाली झाकले जाणारे बारीक ध्वनी ही पद्धत गाळून टाकते. यात नाद पातळ झाला, तंबोऱ्याची गोलाई गेली, अशी तक्रार जाणकार करतात. फार दाबलेल्या फाइलींबाबत ती खरीही आहे. पण फाइल पुरेशी मोठी ठेवली तर हा फरक भल्याभल्यांना ओळखता येत नाही. ऐकण्यात खरा बदल झाला तो दुसऱ्या कारणाने. कॅसेटवरचे पुढचे गाणे गाठायला बटण दाबून फीत पळवावी लागे, अंदाजाने थांबवावी लागे, चुकले की मागे आणावी लागे. त्यापेक्षा चालू गाणे पुरे ऐकणे सोपे होते. आता पुढचे गाणे बोटाच्या एका स्पर्शावर आहे. कंटाळ्याची पहिली चाहूल लागताच सुटका होते, आणि विलंबित ख्यालात रस भरतो तो नेमका त्या चाहुलीच्या पलीकडे.

यावर कुणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीनेही राग कापलाच होता. मग आजच्या घाईला दोष का? त्याचे उत्तर तबकड्यांतच आहे. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. ती साडेतीन मिनिटांची आहे, पण तुटलेली नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांनाही सुरुवात, भर आणि शेवट आहे. तिथे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे राग जाणणाऱ्याने ठरवले. आज कात्री ऐकणाऱ्याच्या हाती आहे आणि पुढे काय येणार हे माहीत होण्याआधीच ती चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एके काळी उत्तम गाणे ऐकायला दरबारात, धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा मोठ्या शहरातल्या संगीत मंडळात जागा मिळावी लागे. संग्राहकांच्या कपाटात पडून राहिलेली खासगी मैफलींची मुद्रणे आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थी मोबाइलवर ऐकतो. हा लाभ इतका मोठा आहे की जुन्या दिवसांसाठी हळहळण्यात अर्थ नाही. पण दार उघडले म्हणजे आत जाऊन बसणे झाले, असे नाही. एक गाणे संपताच आपोआप दुसरे सुरू करणारी सोय बंद करता येते, एका संध्याकाळी एकच राग निवडता येतो, तो कुठल्या तालात आहे आणि तबल्यावर कोण आहे हे शोधता येते. तंत्राची यात आडकाठी नाही. मैफलीत समेवर शंभर माना एकदम हलतात, कारण त्या सगळ्यांनी मिनिटभर एकाच मात्रेची वाट पाहिलेली असते. ती वाट कुठलेही यंत्र आपल्या वतीने पाहू शकत नाही.