डेंग्यूचा ताप उतरल्यावर काय खावं?

ताप उतरला की घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात, पण डेंग्यूत खरी काळजी तिथूनच घ्यावी लागते. त्यानंतरच्या 24 ते 48 तासांत सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठा.

आता खाण्याचं. सगळ्यात आधी पाणी: शहाळं, ताक, भाताची पेज. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवायचं आणि 24 तासांत संपवायचं. अर्ध्या ग्लासात घट्ट करून देऊ नका, त्याने अपाय होतो.

तोंडाला चव नसते, तेव्हा मऊभात, मेतकूट आणि वर चमचाभर साजूक तूप. यासारखं दुसरं काही नाही! पण नुसत्या भातावर आठवडा काढू नका. आजारात स्नायू झिजतात, ते भरून यायला प्रथिनं लागतात. मुगाचं कढण, दही, उकडलेलं अंडं (एकात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं) थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी द्या. वरणावर लिंबू पिळा, डाळीतलं लोह अंगी लागतं.

बीट, डाळिंब मात्र थोडे दिवस थांबवा. त्यांच्या लाल रंगामुळे उलटीत किंवा शौचात रक्त आलं तर कळत नाही.

आणि प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून महागड्या किवी-ड्रॅगन फ्रूटमागे धावू नका. आजार ओसरला की त्या सहसा आपोआप वाढतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं, ओआरएसही डॉक्टरांना विचारूनच द्या.